भाचीला गोळ्या, मला नाहीत

डिसेंबरात उजव्या बाजूची खालची हिरडी पुन्हा सुजली. दोन वर्षांतली ती पाचवी वेळ. घरी भरिताचा बेत होता. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, सगळे ताटावर बसले होते, आणि मला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरीचा तुकडा त्या बाजूला नेता येईना. डाव्या बाजूनं दोन घास खाल्ले आणि उठलो.

मी अमळनेरला एका कापड दुकानात हिशेब बघतो. वय सत्तेचाळीस, सहा वर्षांपासून शुगर. दुकानातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तकांखाली तेव्हा गोळ्यांच्या तीन अर्धवट स्ट्रिप पडलेल्या होत्या. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल ही दोन अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी औषधं, एकत्र असलेल्या. हिरडी सुजली की मेडिकलवर जायचं, “दाताच्या द्या” म्हणायचं. तिथला मुलगा कात्रीनं सहा गोळ्या कापून द्यायचा, सोबत दुखण्याच्या चार. दुसऱ्या दिवशी ठणका कमी व्हायचा, तिसऱ्या दिवशी सूज उतरायची आणि मी गोळ्या बंद करायचो. उरलेल्या पुढच्या वेळेला. चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती मी कंपनीची खूण समजत होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असं ती रेघ सांगते आणि केंद्र सरकारनं २०१६ मध्ये त्यासाठी मोहीमही काढली होती, हे मला फार उशिरा कळलं.

पाचव्या वेळी तीन दिवस झाले तरी सूज हलली नाही. हलायला लागली ती दाढ. जिभेनं ढकललं की कुरकुरायची.

“दात हालनात म्हंजे पडतीनच. त्यानाकरता जयगाव कोनी जास का?” असं माय म्हणाली. तिनं आयुष्यभर मिश्री लावली, पंचावन्नाव्या वर्षी तिच्या तोंडात एक दात उरला नव्हता. आमच्या घरात दात पडणं म्हणजे केस पिकण्यासारखं, कुणी त्यावर बोलत नसे. मी मात्र त्या वेळी घाबरलो होतो, कारण गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं की किडलेलं काही नाही, दाढेखालचं हाड झिजलंय. “हिरड्यांच्या डॉक्टरांकडेच जा,” म्हणून त्यांनी जळगावचा पत्ता लिहून दिला.

सकाळच्या पॅसेंजरनं धरणगाव, पाळधी करत जळगावला पोचलो. हिरड्यांच्या डॉक्टर म्हणजे तिशीतल्या एक मॅडम. त्यांनी आधी सुजेवर बोट दाबून बघितलं, मग हिरडीच्या कडेनं, दाताच्या लगत, एक बारीक हत्यार आत सरकवलं आणि बाहेरून दाबलं. तोंडात घाण, खारट चव आली. पू निघाला. आतून सलाईननं धुतलं, आणि पाच मिनिटांत तो आठवडाभराचा ताण निम्म्यावर आला. मी खुर्चीवरून उठता उठता म्हणालो, “मॅडम, आता चांगल्या हायपॉवरच्या गोळ्या लिहून द्या.”

त्यांनी विचारलं, “ताप आहे? गाल सुजलाय? गिळायला, तोंड उघडायला त्रास?” तिन्हींना नाही. “मग आज गोळ्या नकोत. पू निघाला, तेच औषध. यातलं काही सुरू झालं तर लगेच फोन करा, रात्र असली तरी.”

खरं सांगतो, मला राग आला. एवढ्या लांब येऊन गोळी नाही. मी ड्रॉवरमधल्या स्ट्रिपची गोष्ट सांगितली, म्हणजे मला गोळ्या मानवतात हे त्यांना कळावं म्हणून. त्यांनी हातातलं काम थांबवून सगळं ऐकलं. किती वेळा, किती दिवस, मधेच का सोडल्या, सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, “दादा, घरी हौद आहे?”

आहे. अमळनेरला नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा येतं, प्रत्येकाकडे हौद किंवा टाकी असतेच.

“हौदाच्या भिंतीला बुळबुळीत शेवाळ धरलं की तुम्ही काय करता?”

“पाणी काढून काथ्यानं घासतो.”

“घासण्याऐवजी नुसती ब्लीचिंग पावडर टाकली तर?”

मी गप्प बसलो. वरचं पाणी तेवढं साफ होतं, भिंतीचं शेवाळ जागचं हलत नाही. दातांच्या मुळांवर अगदी तसाच थर असतो, म्हणाल्या. जंतू एकेकटे फिरत नसतात, एकमेकांना चिकटून, स्वतःच बनवलेल्या चिकट आवरणात राहतात. मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला मारायला जेवढं औषध लागतं, त्याच्या कितीतरी पट या थरातल्या जंतूला लागतं, आणि तेवढं गोळीतून रक्तात आणि रक्तातून हिरडीत पोचू शकत नाही. थर हातानं, हत्यारानं फोडावाच लागतो. तुमच्या पहिल्या चार कोर्समध्ये सूज उतरली, कारण वरवरचे जंतू मेले. भिंत तशीच राहिली आणि दोन वर्षं आत हाड झिजत गेलं.

ते “दोन वर्षं” मला फार लागलं. पहिल्या सुजेला आलो असतो तर तेवढं हाड माझ्याकडे असतं. झिजलेलं हाड आपोआप परत भरून येत नाही.

आठवड्यानं मोजणी झाली. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते, निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर. आजारात हिरडी दातापासून सुटते, फट खोल होते, तिला पॉकेट म्हणतात. ४ च्या पुढे गेलं की घरचा ब्रश तळापर्यंत पोचत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच आत घालून खोली वाचतात. मॅडम आकडे सांगत होत्या, सिस्टर लिहीत होत्या. “तीन, दोन, तीन. रक्त. चार, तीन, पाच. रक्त.” माझ्या तोंडात २७ दात, म्हणजे १६२ आकडे. हिशेबाच्या सवयीनं मी पडल्या पडल्या मोजत होतो, आणि उजवीकडे खाली पोचल्यावर “सहा, सात, आठ” ऐकलं तेव्हा मोजणं सोडून दिलं. ४ किंवा त्याहून खोल अशा ७१ जागा निघाल्या.

सगळ्यात खोल जागा बरोबर तिथेच होत्या जिथे मी बावीस वर्षं तंबाखू-चुन्याची चिमूट ठेवत आलो. मॅडमनी काही न विचारता ते ओळखलं. तिथली हिरडी पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती. त्या म्हणाल्या, “ही सवय आणि साखर, या दोन गोष्टी तुम्ही सांभाळा. बाकीचं मी बघते.” शुगरच्या डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी दिली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी ८.४ होता.

डीप क्लीनिंग जानेवारीत झालं, दर आठवड्याला तोंडाचा एक चतुर्थांश भाग, चार बैठका. आपण नेहमी ज्याला दात साफ करणं म्हणतो ते हिरडीच्या वरचं. हे हिरडीच्या खालचं, मुळांचं. भूल देऊन करतात, म्हणून दुखत नाही, पण आवाज विसरता येत नाही. आधी मशीन. बारीक शिट्टीसारखा आवाज आणि थंड पाणी. मग हातातली वाकडी हत्यारं. मुळावरून हत्यार ओढलं की खरवडल्याचा आवाज कानातून नव्हे, कवटीतून ऐकू येतो, कढईला लागलेलं खरवडताना येतो तसला. थोड्या वेळानं खर्रखर्र थांबून गुळगुळीत सर्र असा आवाज यायला लागतो, तेव्हा मॅडमचा हात पुढच्या दातावर जायचा. दुसऱ्या बैठकीपासून मीही तो फरक ओळखायला लागलो.

पहिल्या दिवशी हत्यार पुसलेला कापसाचा बोळा मी मॅडमकडून मागून घेऊन पाहिला. वर रक्ताचा डाग, आणि त्यात बारीक काळे कण. कळण्याच्या पिठात उडदाच्या सालींचे काळे ठिपके दिसतात, अगदी तेवढे. बोटात धरून दाबले तर फुटेनात, खड्यासारखे. हिरडीच्या आतलं किटण असंच काळपट आणि टणक असतं, आतल्या रक्तामुळे त्याला तो रंग येतो. किटण स्वतः जंतू नाही, पण त्याच्या खडबडीत अंगावर जंतूंचा थर घट्ट बसतो. मी पाच वेळा गोळ्या घेतल्या होत्या आणि हे खडे तिथेच होते.

संक्रांतीच्या दिवशी दुसरी बैठक होऊन एकच दिवस झाला होता. तिळाची वडी बायकोनं खलबत्त्यात कुटून दिली.

तिसऱ्या बैठकीनंतर मी गोळ्यांचा विषय पुन्हा काढला. या वेळी भांडायचं म्हणून काढला नव्हता. आता घासून झालंय, तर वरून पावडर टाकायला काय हरकत, असा माझा साधा हिशेब होता. मॅडम म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, जगभर यावर खूप अभ्यास झालेत. सफाईच्या जोडीला अँटिबायोटिक दिलं तर फायदा होतो का? होतो, पण थोडा. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१५ मध्ये सगळे अभ्यास तपासून मार्गदर्शन दिलं, त्यात अशा वेगवेगळ्या जोड-उपचारांचा सफाईच्या वरचा सरासरी फायदा, म्हणजे हिरडीची दाताला जास्तीची पकड, ०.२ ते ०.६ मिलिमीटर निघाला. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या नखाकडे बोट दाखवलं. नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. खोल पॉकेटमध्ये फायदा थोडा अधिक दिसतो, उथळ जागी जवळजवळ नाहीच. आणि वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधल्या आढाव्यात, वर्षभरानंतर हा फायदा टिकतो का, याचा पुरावा फारच कच्चा ठरला.

“आणि त्या नखभर फायद्यासाठी,” त्या म्हणाल्या, “आठवडाभर सगळ्या शरीराला औषध. तोंडातल्या जंतूंबरोबर आतड्यातलेही मरतात. जुलाब, मळमळ, कुणाला ॲलर्जी. आणि जे जंतू वाचतात ते त्या औषधाला सरावतात. उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला, शुगरमुळे पायाला जखम झाली, तेव्हा हीच औषधं कामाला यायला हवीत ना?” म्हणून युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या महासंघानं २०२० च्या मार्गदर्शनात सरसकट प्रत्येक रुग्णाला सफाईबरोबर अँटिबायोटिक देऊ नये असंच सांगितलंय. काही ठरावीक रुग्णांत, विशेषतः तरुण वयात तोंडभर पसरलेला, वाढलेला आजार असेल तर, विचार करावा. मला शुगर आहे म्हणून आपोआप गोळ्या, असंही नाही. माझ्याकडे भरपूर किटण होतं, तंबाखू होती, साखर होती. आजार का झाला हे डोळ्यांना दिसत होतं, आणि ही कारणं हलवता येण्यासारखी होती.

पायावरच्या जखमेचं ते वाक्य मला घरापर्यंत पुरलं. आमच्या गल्लीत एका काकांचा अंगठा असाच काढावा लागला होता. त्या रात्री मी ड्रॉवरमधल्या तिन्ही स्ट्रिप मॅडमना द्यायच्या म्हणून पिशवीत टाकल्या.

पुढचे तीन महिने काम माझं होतं. दातांमधल्या फटींत घालायचा बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश मिळतो, तो रोज रात्री. सुरुवातीला प्रत्येक फटीतून रक्त, महिन्यानं एखाद-दुसऱ्या. तंबाखू पहिल्या बैठकीच्या दिवशी सोडली. पहिले वीस दिवस फार कठीण गेले, दुकानात दुपारी चार वाजता हात आपोआप खिशात जायचा. बडीशेप ठेवली. थंड पाणी दातांना झोंबायला लागलं होतं, आणि आरशात दात लांब दिसायला लागले. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते, खाली बसते, मुळाचा भाग उघडा पडतो, दोन दातांमध्ये काळे त्रिकोण दिसतात. आजार वाढलाय असं वाटून मी फोन केला होता. वाढला नव्हता, सुजेनं झाकलेलं उघडं पडलं होतं.

फेरतपासणी एप्रिलच्या शेवटी, नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवसांनंतरची मिळाली. आखाजीला ताई शिरपूरहून माहेरी आली, सोबत माझी भाची. बावीस वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, आंब्याचा रस काढला होता, मांडे होते. जेवताना मी बघितलं की ती मांड्याचा तुकडा पुढच्या दातांनी तोडत नाही, हातानं बारीक करून आत टाकते. मी गेले चार महिने फक्त दातच बघत होतो, नाहीतर माझ्याही लक्षात आलं नसतं.

“दुखतं का गं?”

“नाही मामा. पुढचा एक जरासा हलतो. अन् ही फट पडलीये.” वरच्या दोन दातांमध्ये तांदळाचा दाणा बसेल एवढी फट होती. बायकोनं मोबाईलमध्ये मागच्या वर्षीच्या दिवाळीचा फोटो काढून बघितला. त्यात फट नव्हती.

ताई म्हणाली, फट म्हणजे भाग्याचं लक्षण. मी म्हटलं, ताई, ती माझ्याबरोबर जळगावला येईल.

तिचं तोंड उघडल्यावर मला आधी वाटलं आपण उगीच घाबरवलं. हिरड्या गुलाबी, किटण जवळजवळ नाही, रक्त नाही. माझ्या तोंडाच्या मानानं स्वच्छ. मॅडमनी सळई घातली आणि आकडे सांगायला लागल्या. “दोन, दोन, तीन. दोन, तीन, दोन.” मग पहिल्या दाढेवर “आठ, पाच, नऊ.” सिस्टरनं मान वर केली. चारही पहिल्या दाढा आणि पुढचे दात, एवढ्याच ठिकाणी खोल, मधले सगळे ठीक. एक्स-रेमध्ये दाढांच्या दोन्ही बाजूंना हाडात सरळ खाली उतरलेले खड्डे. रक्ताच्या तपासण्या केल्या, साखर व्यवस्थित होती. तंबाखू नाही, काही नाही.

हा आजाराचा वेगळा चेहरा आहे, मॅडमनी सांगितलं. कमी वयात, किटणाच्या मानानं फार जास्त आणि फार वेगानं हाड खाणारा, बऱ्याचदा घराण्यात चालणारा. यात एका विशिष्ट जंतूचा हात बऱ्याचदा सापडतो. त्याचं नाव ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स, आणि तो नुसत्या खरवडण्यानं सहसा पुरता जात नाही, कारण तो हिरडीच्या मांसातही शिरतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९८९ मध्ये या जंतूवर अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी सफाईबरोबर वापरून चांगला परिणाम दाखवला, तेव्हापासून ती जोडी अशा रुग्णांत वापरली जाते.

“म्हणजे हिला गोळ्या देणार?” मी विचारलं.

“हिला देणार. पण आज नाही.”

का नाही, ते मला या वेळी समजावून सांगावं लागलं नाही. आधी हौद घासायचा.

फरक आणखी एक होता. माझी सफाई चार आठवडे चालली. तिची लागोपाठ दोन दिवसांत पूर्ण केली, सकाळी दोन-दोन तास. कारण थर फुटलेला असतो तेवढ्याच दिवसांत औषध रक्तात असायला हवं. हळूहळू करत बसलं तर पहिला भाग पुन्हा धरायला लागतो, आणि गोळ्या शेवटच्या भागापुरत्या राहतात. दुसऱ्या दिवशी सफाई संपली आणि त्याच दुपारी पहिली गोळी. लिहून देण्याआधी मॅडमनी बराच वेळ प्रश्न विचारले. पेनिसिलिननं कधी पुरळ, सूज, दम लागला का? दुसरी कुठली औषधं चालू? पोटाचे जुने आजार? मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात चालत नाही, खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतो तीही नकोत, हेही सांगितलं. अमॉक्सिसिलिन ५०० आणि मेट्रोनिडाझोल ४००, दोन्ही दिवसातून तीनदा, सात दिवस. हा आकडा वाचून कुणी मेडिकलवर जाऊ नका. तो तिच्या वयाला, तिच्या तोंडाला आणि सफाईच्या त्या दिवसाला जोडलेला आहे.

संध्याकाळी घरी माय ओसरीवर बसून होती. सगळं ऐकल्यावर तिनं मलाच विचारलं, “पोरले गोया, आनि तुले काबरं नही?” चार महिन्यांपूर्वी हाच प्रश्न मी रागानं विचारला होता. मी तिच्यासमोर बसून सांगायला लागलो. मायचे दात कसे गेले, माझं हाड कसं गेलं, पोरीचं कसं चाललंय, तिन्ही वेगळं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग स्वतःच्या मिश्रीच्या डबीकडे बघून म्हणाली, “आते माले काय करनं.” पण दुसऱ्या दिवशी भाचीला दुपारच्या गोळीची आठवण तिनंच केली.

भाची ते सात दिवस आमच्याकडेच राहिली. आठ तासांचं वेळापत्रक मी वहीत आखलं, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, जेवण गोळीच्या आधी थोडंतरी. तिसऱ्या दिवशी तिच्या जिभेवर पांढुरका थर आला आणि तोंडाला धातूची चव. वाटीभर रस समोर ठेवला तर एक चमचा घेऊन तिनं वाटी सारली. “मामा, तांब्याचं नाणं चोखल्यासारखं लागतं.” आखाजीनंतरचे दिवस, घरात आंब्याची पाटी, आणि पोर ताक-भात खात होती. चौथ्या दिवशी पोट दोनदा ढिलं झालं. तेव्हा ती म्हणाली, “आता बरं वाटतंय मला, सोडू का गोळ्या?” दात मुळात दुखतच नव्हते, त्यामुळे “बरं” म्हणजे काय हे तिलाही सांगता आलं नसतं. मी मॅडमना फोन लावला. रक्त पडतंय का, ताप आहे का, दिवसातून किती वेळा, एवढं विचारून त्यांनी पूर्ण करायला सांगितलं, वाढलं तर थांबवून लगेच कळवा म्हणाल्या. वाढलं नाही. आठव्या दिवशी सकाळी शेवटची गोळी घेऊन तिनं सगळ्या रिकाम्या स्ट्रिप टेबलावर पसरल्या आणि मला मोजायला लावल्या. एकवीस आणि एकवीस, बेचाळीस. एकही उरली नव्हती.

माझी स्वतःची फेरतपासणी या सगळ्यात मागे पडली, ती थोडक्यात सांगतो. ७१ खोल जागांपैकी २३ उरल्या, त्याही बहुतेक ४ वर. आठची जागा सहावर आली. दाढ हलायची ती बरीच स्थिरावली. एचबीएवनसी ७.७. हिरड्यांच्या उपचारानं तीन-चार महिन्यांत तो सरासरी साधारण ०.४ नं उतरतो असं अभ्यासांत दिसलंय, बाकीचं माझ्या चालण्याचं आणि शुगरच्या डॉक्टरांनी बदललेल्या औषधाचं असेल. हे सगळं एकही अँटिबायोटिक गोळी न घेता झालं. दोन हट्टी जागा पुन्हा भूल देऊन खरवडल्या, आणि त्यातल्या एकीत मॅडमनी टेट्रासायक्लिन भरलेला पिवळसर धागा चिमट्यानं आत दाबून बसवला. कापसाच्या पेळूचा तुकडा असावा तसा दिसत होता. तो आत राहून हळूहळू औषध सोडतो, फक्त तेवढ्याच जागी. पोटात जात नाही म्हणावं इतकं थोडं. त्याचाही फायदा थोडाच असतो, हे त्यांनी बसवण्याआधी सांगितलं. दुसऱ्या जागी दाढेच्या दोन मुळांच्या मधलं हाड गेलंय, तिथे हिरडी उघडून ऑपरेशन करावं लागेल. ते दिवाळीनंतर ठरलंय.

भाचीची फेरतपासणी श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात झाली. नऊचा पाच, आठचा चार, पुढचे दात तीनवर. एक्स-रे आणखी काही महिन्यांनी, हाडात फरक दिसायला वेळ लागतो. दात घट्ट झाला, फट आहे तशीच आहे, ती नंतर तार लावून भरता येईल, पण आजार पूर्ण शांत झाल्यावरच. मी मॅडमना विचारलं की यातलं गोळ्यांचं किती आणि सफाईचं किती. त्या म्हणाल्या, “एकाच तोंडात दोन्ही केलं, आता वेगळं काढता येणार नाही. शेकडो रुग्णांचे दोन गट करून बघितल्यावरच ते कळतं. हिच्यासाठी मी वाट बघायची जोखीम घेतली नाही, एवढंच.” मला ते उत्तर आवडलं. गोळ्यांनीच बरी झाली, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या.

हा आजार भावंडांत असू शकतो म्हणून त्यांनी भाच्यालाही आणायला सांगितलं होतं. तो सतरा वर्षांचा. मला काही होत नाही, मला कशाला, असं शिरपूरपासून म्हणत आला होता. तो खुर्चीवर आडवा झाला, ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर मुठीत धरून बसली, आणि सिस्टरनं कोरा कागद पुढे ओढला.

“दोन, दोन, दोन,” मॅडम म्हणाल्या. “दोन, तीन, दोन.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी तिला हातानं थांब म्हणून खुणावलं, पहिली दाढ अजून यायची होती.

“दोन, दोन, तीन. हीच पहिली दाढ. तीन, दोन, तीन.”